एकाच पोत्यातला कोळसा

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन विस्तव होते. एक अंगणात, नानाच्या भट्टीत. दुसरा बाळंतिणीच्या खोलीत, ताईच्या बाजेखाली. दोन्हींना कोळसा एकाच पोत्यातून जात होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना ते सोयीचंच वाटत होतं.

आमचं घर मलकापुरात, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. पुढच्या भागात बापूंचं लोखंडी सामानाचं दुकान आणि मागे आम्ही राहायचो. नांगराचे फाळ, घमेली, विळे, खुरपी, बिजागऱ्या, विहिरीचे रहाट, खिळ्यांची पोती. मालगाडी जायला लागली की आधी दुकानातल्या टांगलेल्या साखळ्या किणकिणायच्या, मग फडताळातली भांडी, आणि मग गाडीचा आवाज यायचा. आम्हाला बोलता बोलता थांबायची सवय होती. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, गाडी जाऊ द्यायची, आणि तिथूनच पुढे बोलायचं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर मी बोलताना मधेच थांबायचे, तर सासरच्यांना वाटायचं की ही काही लपवतेय.

नाना म्हणजे बापूंचा धाकटा भाऊ. हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, लग्न केलेलं नव्हतं, आमच्यातच राहायचा. शाळेत तो पुस्तकातली मराठी बोलायचा आणि घराचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. एकदा जेवताना त्यानं बापूंना विचारलं, "भाऊ, इतकं लोखंड इकता तुम्ही. हे येते कुठून, सांगा बरं?" कळण्याची भाकरी ठेच्याशी मोडत बापू म्हणाले, "रेल्वेनं." आई हसून हसून लाल झाली. नाना मात्र हसला नाही. तो म्हणाला, "एकदा तुमच्या डोळ्यादेखत मातीतून काढून दाखवतो."

माती नव्हे, वाळू. नळगंगेच्या पात्रात पाणी आटलं की कडेला काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. आपल्याकडचा काळा दगड झिजून झिजून ती होते. नानानं शाळेतला लोहचुंबक फडक्यात गुंडाळला, वाळूवरून फिरवला आणि फडकं उघडून मला दाखवलं. काळ्या कणांची दाढी लागली होती त्याला. त्या दिवाळीनंतर प्रत्येक रविवारी आम्ही दोघं नदीवर जायचो. तो चुंबक फिरवायचा, मी डबा धरायचे. भाता त्यानं बाजारातल्या लोहाराकडून मागून आणला. लोहार म्हणाला होता, "मास्तर, तुमच्या भावाच्या दुकानात लोखंड कमी पडून राह्यलं का?" आणि वर भाताही दिला. भट्टी चिकणमाती आणि भुशाची, माझ्या छातीइतकी उंच, खाली भात्याच्या नळीसाठी भोक. कोळसा डोंगराकडून गाडीवाले आणायचे, बाभळीचा, ठोकला तर काचेसारखा वाजणारा. त्यातली पोती नानानं ओसरीत रचून ठेवली.

ताई त्याच सुमारास पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि पौषात तिला मुलगा झाला. थंडी अशी होती की सकाळी रुळांवर दव गोठल्यासारखं चमकायचं. आमच्या आत्यानं सगळा कारभार हातात घेतला. आत्या म्हणजे बापू आणि नाना या दोघांची थोरली बहीण. दोघे तिला अक्का म्हणायचे आणि दोघेही तिला भ्यायचे. मागची खोली बाळंतिणीची ठरली. त्या खोलीला एकच खिडकी. आत्यानं तिच्या फटीत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या आणि वरून शेण लिंपलं, कारण वारं म्हणजे बाळंतिणीचा वैरी. ताईच्या डोक्याला, कानांना फडकं. उशाखाली दुकानातला कोरा विळा, कारण लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही. आणि बाजेखाली लोखंडी घमेल्यात विस्तव, सकाळ-संध्याकाळ शेक आणि शेपा-ओव्याची धुरी.

विस्तव आधी गोवऱ्यांचा होता आणि गोवऱ्यांना धूर. ताई खोकून हैराण व्हायची, बाळ टाहो फोडायचं, आणि मग आई पटकन दार उघडायची. आत्या ओरडायची, "दार काऊन उघडलं? वारं लागलं म्हणजे सारी जिंदगी कंबर धरून बसंन ते!" आई म्हणायची, "अन् गुदमरून मेली म्हणजे?" दिवसातून असं दोन-चारदा व्हायचं. माझ्या लेखी त्या घरातला तो रोजचाच आवाज होता, मालगाडीसारखा.

भांडण मिटवलं ते नानानं. ओसरीतल्या पोत्यातून टोपलीभर कोळसा काढून तो आत्यासमोर ठेवून म्हणाला, "अक्का, हे वापर. पेटला म्हणजे धूर नाही, काही नाही." आत्यानं एक घमेलं पेटवून पाहिलं. खरंच, धूर नाही. लालभडक निखारे आणि वर कुठेतरी पुसट निळं काही. आत्या खूष झाली. आम्हालाच नव्हे, शेजारणींनाही ती सांगत सुटली की मास्तराच्या कोळशानं डोळ्याला पाणीसुद्धा येत नाही. त्या दिवसापासून दार उघडायचं कारणच उरलं नाही.

आणि घर शांत झालं. आज मागे वळून पाहते तेव्हा मला आधी ती शांतता आठवते. ताई खोकत नव्हती, बाळ रडत नव्हतं. आई आणि आत्या एकमेकींशी चांगलं बोलत होत्या. डिंकाचे लाडू वळले जात होते, अळिवाची खीर शिजत होती, शेपूची भाजी आणि लसणाची फोडणी यांचा वास दुकानापर्यंत जायचा. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय गुणाचं लेकरू आहे वं! रडत नाही, काही नाही." आणि ताईकडे बघून म्हणायच्या, "गाल पाहा कसे लाल झाले. बाळंतपण मानवलं पोरीले."

ताईचे गाल खरंच लाल होते. पण ती डोकं धरून असायची. "कपाळात कोणी घण घालून राह्यलं असं वाटते," ती मला एकदा म्हणाली. खीर तोंडात घेतली की उलटून टाकायची. बोलता बोलता तिचा डोळा लागायचा, मालगाडी जात नसतानाही वाक्य अर्ध्यावर राहायचं. बाळ पाजायला घेतलं तरी दोन घोट पिऊन झोपी जायचं. आईनं एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे पोरगं रडत काऊन नाही?" मला काय कळणार? पण ती माझ्याशी का बोलली ते आता कळतं. दुसऱ्या कोणाशी बोलली असती तर तिला उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर तिला नको होतं.

आत्याचं उत्तर तयार होतं: दृष्ट. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची. तिनं बायकांचं येणं बंद केलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, दाराखालच्या फटीत गोणपाट दाबलं आणि घमेल्यात दुप्पट निखारे घातले. ज्या दुखण्याचं कारण खोलीतच होतं, त्याच्यावर उपाय म्हणून खोली आणखी बंद होत गेली. आत गेलं की ऊब वाटायची, सुखाची वाटायची. जरा वेळ बसलं की माझंही डोकं जड व्हायचं, आणि मला वाटायचं ते ओव्याच्या वासानं.

रविवारी नानानं भट्टी पेटवली. सकाळपासून मी भाता ओढत होते. दमले की बापू ओढायचे, दुकान बंद असल्यानं तेही बनियनवर अंगणात आले होते. नाना वरून आळीपाळीनं कोळसा आणि काळी वाळू टाकत होता. भट्टी आतून घुमत होती, मोठं जनावर दूरवर श्वास घेतंय तशी. बापू म्हणाले, "नान्या, इतक्या कोळशात मी गावाले जेवू घातलं असतं." नाना म्हणाला, "भाऊ, तुम्ही फक्त भाता ओढा." त्या वेळी तो फार आनंदात होता.

दुपारी भट्टीच्या तोंडावर ज्योत दिसायला लागली. पिवळी नाही, निळी. उन्हात नीट दिसत नव्हती, म्हणून नानानं मला सावलीच्या बाजूला उभं केलं आणि शाळेतल्या आवाजात समजावायला लागला.

"खाली भात्याजवळ कोळसा जळतो, तिथं त्याला भरपूर हवा मिळते. पण तो वायू वर येतो तापलेल्या कोळशातून, आणि तिथं हवा नसते. मग तो आणखी कोळसा उचलतो आणि अर्धवट जळलेला, भुकेला वायू तयार होतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला प्राणवायू पाहिजे असतो, कुठूनही. आता या वाळूत लोखंड आणि प्राणवायू एकमेकांना घट्ट धरून बसलेले आहेत. नुसत्या तापवण्यानं ते सुटत नाहीत. हा भुकेला वायू येतो आणि लोखंडाच्या हातातून प्राणवायू ओढून घेतो. लोखंड एकटं राहतं. एवढंच आहे सगळं."

"मग ही ज्योत?"

"उरलेला वायू. वर येऊन हवा भेटली की निळा जळतो. जळला तर दिसतो. नाही जळला तर दिसत नाही, वास नाही, धूर नाही. विषारी असतो. म्हणून तर भट्टी अंगणात घातली ना."

मी सहज म्हणाले. खरंच सहज, हुशारी दाखवायला सुद्धा नाही. "ताईच्या घमेल्यावर पण अशीच निळी ज्योत असते, नाना. कधी असते, कधी नसते."

नानाच्या हातात वाळूचा डबा होता. तो त्यानं खाली ठेवला नाही, सोडून दिला. आम्ही दिवाळीपासून गोळा केलेल्यातली उरलेली वाळू अंगणात सांडली आणि तो तिच्यावर पाय देऊन पळाला.

मागच्या खोलीच्या दारासमोर आत्या लसूण सोलत बसली होती. नानाला येताना पाहून ती उठून दारात आडवी झाली. बाराव्या दिवसाच्या आत पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नसतो, हे आमच्याकडे सांगावंही लागत नसे.

"कुठी चालला तू?"

"अक्का, सर. आतला विस्तव बाहेर काढ."

"आताच तं ठेवला. शेक घेऊन राह्यली ते."

"अक्का, त्याच्यात विष आहे!"

"तुह्या कोळशात?" आत्या म्हणाली. "तूच तं आणून देला. धूर नाही म्हणे, काही नाही म्हणे. अन् आता विष?"

 मी त्याचा चेहरा पाहिला. ज्याला ते सगळं फळ्यावर लिहिता येत होतं, त्यालाच आपल्या हातानं टोपली दिल्याचं आठवत होतं. तो एक पाऊल पुढे आला, आत्यानं चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. मग तो माझ्याकडे वळला. "कुसुम, तू जा. तुले चालते. विस्तव बाहेर ओढ. श्वास धरून जा." आणि तो घराला वळसा घालून खिडकीकडे पळाला.

आत्याच्या हाताखालून मी दाराशी शिरले. दार ढकललं तर गोणपाटानं अडलं, खांदा लावून उघडलं. आत अंधार, ऊब, ओव्याचा वास. सगळं नेहमीसारखं. कुठेही काही वाईट दिसत नव्हतं, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते. ताई उताणी झोपली होती, गाल लाल, ओठ जरा उघडे. "ताई," मी म्हणाले. तिनं हूं केलं नाही. बाळ तिच्या कुशीत होतं, त्याचा एक हात ताईच्या छातीवर तसाच पडलेला.

घमेलं बाजेखाली खोल सरकवलेलं होतं. हात घातला तर कड चटकन भाजली. मग मी ताईच्या उशाखालचा विळा काढला, जमिनीवर आडवी झाले आणि विळ्याच्या आकड्यात घमेल्याचा कान अडकवून ओढत निघाले. एवढ्यात खिडकीवर धाड असा आवाज झाला. भट्टीची लोखंडी पहार नाना बाहेरून मारत होता. शेणाचे पोपडे, चिंध्या, लाकडाच्या ढलप्या आत उडाल्या आणि उन्हाचा एक सरळ पट्टा ताईच्या पायांवर पडला. आत्या किंचाळत होती. मी घमेलं उंबऱ्याबाहेर, पार अंगणात ओढत आणलं. पुढचं मी अंगणात बसून पाहिलं.

बापूंनी आणि आईनं ताईला बाजेसकट बाहेर आणलं. बारावा, विटाळ, वारं, कोणाला काही आठवलं नाही. तुळशीजवळ उन्हात ठेवलं. आईनं कांदा फोडून ताईच्या नाकाशी धरला. नानानं बाळाला उचललं, पालथं केलं, पाठ चोळली, तोंडात बोट घातलं, परत सरळ केलं. बाळाची मान कापडाच्या बाहुलीसारखी इकडे-तिकडे होत होती. आम्ही सगळे एकाच आवाजाची वाट बघत होतो, आणि तेवढ्यात दुकानातल्या साखळ्या किणकिणायला लागल्या.

मालगाडी आली. लांबलचक, डब्यामागून डबा. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. नानाचे ओठ हलत होते, आई काहीतरी ओरडत होती. मी फक्त बाळाच्या तोंडाकडे पाहत होते. ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रडतंय की नुसतंच उघडलंय, कळेना. गाडी संपता संपेना. शेवटचा डबा गेला, साखळ्या थांबल्या, आणि मग ऐकू आलं. मांजराच्या पिल्लासारखं, चिरकं, तुटक. आईनं त्याला नानाच्या हातातून घेतलं.

ताईनं डोळे उघडले ते ऊन उतरल्यावर. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर सायकलवरून आले, दोघांना पाहिलं, नानाला एका बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. नाना नंतर मला म्हणाला, "आपल्या रक्तात सुद्धा लोखंड असते. ते प्राणवायू धरते, म्हणून आपण जगतो. हा वायू तिथंच जाऊन बसतो, प्राणवायूले जागाच ठेवत नाही."  ताईला त्या दिवसांचं आजही काहीच आठवत नाही. आपल्या पहिल्या लेकराचे पहिले दिवस. ती ते आम्हाला विचारते, आणि आम्ही लाडवांचं, थंडीचं सांगतो.

भट्टीकडे कोणी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी नाना तिच्यासमोर जाऊन बसला. निवत आलेली भिंत त्यानं पहारीनं पाडली. आतून वाळूतल्या कचऱ्याची मळी निघाली, काचेसारखी काळी, आणि तिच्यात चिकटलेला एक ओबडधोबड गोळा, नारळाएवढा, भोकाभोकांचा. नानानं त्याच्यावर पहार मारली. ठण्ण आवाज आला. बापूंना तो आवाज ओळखायला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले, "लोखंडच आहे, नान्या." 

मी म्हणाले असते की तिथं सगळं संपलं. पण दिवेलागणीला मी मागच्या खोलीकडे गेले तर ताई आणि बाळ परत आत होती. खिडकीला गोधडी टांगलेली होती, आत्या घमेल्यात निखारे भरत होती. त्याच टोपलीतले. बाळंतिणीला उघड्यावर काढलं, वारं लागलं, आता दुप्पट शेक पाहिजे, असा तिचा हिशेब होता. तिच्या दृष्टीनं संकट दुपारी आलं होतं, खिडकी फुटली तेव्हा. आई पुढे झाली. आत्यानं दार ओढून घेतलं.

मी ते दार ढकललं आणि उंबऱ्यात बसले. "ऊठ वं पोरी, वारं जाऊन राह्यलं," आत्या म्हणाली. मी उठले नाही. "ऊठतं का नाही?" तिनं माझा दंड धरला. माझ्या भाजलेल्या हाताला ते लागलं, पण मी चौकट सोडली नाही.

नाना अंगणातून आला. त्याच्या हातात तो गोळा होता, अजून कोमट. मला वाटलं आता तो पुन्हा विषाचं, वायूचं सांगेल आणि आत्या पुन्हा ती टोपलीची गोष्ट काढेल. पण तो चौकटीबाहेर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, आज लेकरू कशानं वाचलं?"

आत्यानं क्षणाचाही विचार केला नाही. "इळ्यानं. उशाखाली लोखंड होतं म्हणून."

"हाव," नाना म्हणाला. "लोखंडानंच. मंग हे घे. नदीतून काढलं, कोरं आहे अजून. दारात ठेव. दाराच्या अन् चौकटीच्या मधात. रात्रंदिवस हललं नाही पाहिजे. याच्यावरून वाईट काहीच आत जात नाही."

आत्यानं गोळ्याकडे पाहिलं. नानाकडे पाहिलं. मग तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि स्वतः दाराच्या फटीत ठेवला. दार वीतभर उघडं राहिलं ते बारसं होईपर्यंत. नाना त्या फटीसमोर ओसरीत अंथरूण टाकून झोपायचा. झोपायचा म्हणजे पडायचा. बाळ रात्री रडलं की तो उठून बसायचा आणि ते गप्प झालं तरी बसूनच राहायचा.

तो गोळा आता माझ्याकडे आहे. त्याला गंज चढलाय. उचलला की हाताला तांबूस भुकटी लागते आणि ठेवल्या जागी थोडी वाळू उरते. नानानं जे त्याच्याकडून ओढून काढलं होतं, ते तो हवेतून परत घेतोय, सावकाश, कोणी भाता न ओढता. मागच्या हिवाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला आली. खोलीत विजेची शेगडी होती, धोक्याचं काही नव्हतं. तरी तिच्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवून मी तो गोळा फटीत सरकवला. "आई, गार वारा येतो ना," ती म्हणाली. तिला मी आणखी एक गोधडी दिली. दार तसंच ठेवलं.